नोंद नाही म्हणजे घडलं नाही?

अमेरिकेत माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं चालवणारं एक स्वतंत्र खातं आहे, 'डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स'. सगळे त्याला व्हीए म्हणतात. या रुग्णालयांमधलं 'विस्टा' नावाचं सॉफ्टवेअर तिथल्याच काही प्रोग्रामरांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलं आणि पुढची चाळीसेक वर्षं ते चालत राहिलं. सरकारी पैशातून झालेलं काम असल्यामुळे त्याची कागदपत्रं कुणालाही वाचता येतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि इतकी वर्षं तग धरून राहिलेल्या प्रणालींबद्दल मला कुतूहल आहे, म्हणून ती चाळत होतो. त्यात रुग्णाच्या माहितीतला एक रकाना दिसला : एमएसटी. म्हणजे मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा, सैन्यात नोकरीवर असताना झालेला लैंगिक आघात.

या रकान्यात चार उत्तरं मावतात. 'हो', 'नाही', 'विचारलं, पण सांगायला नकार दिला' आणि 'अजून विचारलेलं नाही'.

डेटाबेसवर काम केलेल्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं. घाईत काम उरकणारा कुणीही इथे हो-नाहीचा साधा रकाना करून मोकळा झाला असता. मग ज्यांना कधी विचारलंच नाही आणि ज्यांना सांगणं जमलं नाही, ते सगळे गुपचूप 'नाही'मध्ये जमा झाले असते. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत गल्लत करणं ही आमच्या धंद्यातली फार जुनी चूक आहे. हा रकाना आखणाऱ्यांनी ती टाळली होती.

ती का टाळावी लागली हे शोधायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की माजी सैनिकांच्या लैंगिक आघाताचा सगळा इतिहासच या एका गल्लतीभोवती फिरतो. कागदावर नाही म्हणून घडलं नाही, असं एक बलाढ्य यंत्रणा कित्येक दशकं म्हणत आली. त्यातल्या एका खिडकीवर ती हे म्हणायची थांबली. दुसऱ्या खिडकीवर अजून पूर्णपणे थांबलेली नाही.

एकाच आजाराची दोन दारं

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही येतो. तो ऐकला की डोळ्यांसमोर सहसा युद्धावरून परतलेला पुरुष येतो. फटाक्याच्या आवाजाला दचकणारा, रात्री ओरडत उठणारा. हे चित्र खोटं नाही, पण ते अर्धं आहे.

त्याचा पुरुषांकडून येणारा धागा पहिल्या महायुद्धाशी जुळतो. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक'बद्दल लिहिलं. अंगावर ओरखडाही नसलेले सैनिक थरथरत होते, कुणाची वाचा गेली होती, कुणाची दृष्टी. तोफगोळ्यांच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होत असेल असा सुरुवातीचा तर्क होता, पण गोळा जवळपास फुटलाच नव्हता अशा सैनिकांतही हीच लक्षणं दिसायला लागली. डॉक्टरांना ती अनोळखी नव्हती. शांततेच्या काळात हीच लक्षणं बायकांमध्ये दिसली की त्याला 'हिस्टेरिया' म्हणत आणि फार गांभीर्यानं घेत नसत. या बायकांच्या आजारामागे लहानपणचे लैंगिक अत्याचार आहेत, असं सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये जाहीरपणे मांडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या मतावरून माघार घेतली.

पुढे महायुद्धं आली की सैनिकांच्या मनाची चर्चा व्हायची आणि युद्ध संपलं की विसरली जायची. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आजारांची पहिली अधिकृत यादी १९५२ साली छापली, तिच्यात तीव्र तणावाच्या प्रतिक्रियेला जागा होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती गाळली गेली. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते.

ती जागा परत मिळवली ती सैनिकांनी स्वतः. १९७० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे माजी सैनिक एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शाटान हे दोन मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसायचे. तिथे डॉक्टर आणि रुग्ण अशी उतरंड नव्हती. १९७२ मध्ये शाटान यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'पोस्ट-व्हिएतनाम सिंड्रोम'वर लेख लिहिला. सैनिकांच्या दबावामुळे १९७९ मध्ये काँग्रेसनं 'व्हेट सेंटर' नावाची समुपदेशन केंद्रं सुरू केली. ती मुद्दाम रुग्णालयांच्या आवाराबाहेर, साध्या वस्त्यांमध्ये ठेवली गेली.

नेमक्या याच वर्षांत दुसऱ्या दारानं बायका आत येत होत्या. बॉस्टनमध्ये ॲन बर्जेस या मनोविकार परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ यांनी ठरवलं, की बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात बलात्काराची तक्रार घेऊन कुणीही आलं, की वेळ कोणतीही असो, आपण तिथे जायचं. वर्षभर त्या गेल्या. एकूण १४६ जणांशी त्या बोलल्या आणि त्यांतल्या ९२ प्रौढ स्त्रियांच्या अनुभवांवर त्यांनी १९७४ मध्ये 'रेप ट्रॉमा सिंड्रोम' हा निबंध प्रसिद्ध केला. दुःस्वप्नं, दचकणं, तो प्रसंग पुन्हा पुन्हा जगणं, त्या जागेची आठवण करून देणारं सगळं टाळणं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या तोंडी जे होतं तेच हे होतं.

१९८० मध्ये त्या यादीची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात पीटीएसडी हे निदान दाखल झालं. ते कशामुळे होऊ शकतं याच्या उदाहरणांत युद्ध आणि बलात्कार दोन्ही होते. मात्र एक खोच राहिली. असा आघात सर्वसाधारण मानवी अनुभवाच्या पलीकडचा असतो, असं त्यात म्हटलं होतं. बलात्कार आणि घरातली मारझोड हे बायकांच्या अनुभवात इतकं दुर्मीळ कधी होतं, असा प्रश्न स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी विचारला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतून ते शब्द गेले. त्याआधी, १९९२ मध्ये, ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात युद्धातले सैनिक आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रिया यांना एकाच चौकटीत ठेवून दाखवलं होतं.

मधोमध राहिलेली माणसं

मग सैनिक असलेल्या बाईचं काय? जिच्यावर शत्रूनं हल्ला केला नाही, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यानं केला, तिनं कोणत्या दारानं आत यायचं? व्हेट सेंटरमध्ये गोलाकार बसलेले पुरुष लढाईबद्दल बोलत होते. गावातल्या बलात्कार मदत केंद्रात सैन्य म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. आणि पुरुष सैनिकावरच बलात्कार झाला असेल, तर त्याच्यासाठी तिसरं दार नव्हतंच.

हा प्रश्न चव्हाट्यावर आणला तो एका हॉटेलच्या व्हरांड्यानं. सप्टेंबर १९९१ मध्ये लास वेगासच्या हिल्टनमध्ये 'टेलहुक' या नौदल वैमानिकांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात अधिकारी दुतर्फा उभे राहिले आणि मधून जाणाऱ्या बायकांच्या अंगाशी झोंबले. त्यांतल्या एक होत्या लेफ्टनंट पॉला कॉफलिन, नौदलातल्याच हेलिकॉप्टर वैमानिक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना सांगितलं. काही घडेना, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी नाव-चेहऱ्यासह जाहीरपणे सांगितलं. संरक्षण खात्याच्या चौकशीत ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर त्या संमेलनात हल्ला झाल्याचं निघालं. नौदलाच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मात्र हल्ल्याबद्दल लष्करी न्यायालयात एकालाही शिक्षा झाली नाही. कॉफलिन यांनी पुढे नौदल सोडलं.

त्याच १९९२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे माजी सैनिक स्त्रिया साक्षीला आल्या आणि स्वतःवर काय ओढवलं होतं ते त्यांनी सांगितलं. नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. सैन्यसेवेत लैंगिक आघात झालेल्या स्त्रियांना व्हीएनं समुपदेशन द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. आधी हा कायदा फक्त स्त्रियांपुरता होता आणि मदत मागायला कालमर्यादा होती. १९९४ मध्ये मर्यादा निघाली आणि 'स्त्री' हा शब्दही निघाला.

ही दुरुस्ती किती गरजेची होती ते आकड्यांवरून कळतं. व्हीएच्या रुग्णालयांत आता प्रत्येक माजी सैनिकाला दोन प्रश्न विचारले जातात. सेवेत असताना नकोशी लैंगिक लगट सोसावी लागली का, आणि कुणी बळानं किंवा धमकीनं लैंगिक संबंध लादला का. सुमारे दर तीन स्त्रियांतली एक आणि दर पन्नास पुरुषांतला एक 'हो' म्हणतो. पन्नासातला एक हे प्रमाण लहान वाटतं, पण सैन्यात पुरुष कित्येक पटींनी जास्त आहेत. रँड या संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये संरक्षण खात्यासाठी मोठं सर्वेक्षण केलं. त्याच्या अंदाजानुसार आधीच्या एका वर्षात सेवेतल्या सुमारे २०,३०० जणांवर लैंगिक हल्ला झाला होता. त्यांत ९,६०० स्त्रिया होत्या आणि १०,६०० पुरुष. प्रमाण स्त्रियांमध्ये कित्येक पट जास्त, पण संख्या पुरुषांची मोठी. पुरुषांवरचे हल्ले पुष्कळदा 'नव्याची खोड मोडणं', 'गंमत' या नावाखाली खपतात. सोसणाऱ्यालाही त्याला दुसरं नाव द्यायला वीस-तीस वर्षं लागतात. अनेक जण कधीच देत नाहीत.

कुंपणच शेत खातं तेव्हा

लैंगिक आघात आणि पीटीएसडी यांचं नातं किती घट्ट आहे? १९९५ मध्ये रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीतले निष्कर्ष मांडले. आयुष्यातला सर्वांत वाईट आघात म्हणून ज्या पुरुषांनी लढाईचं नाव घेतलं, त्यांच्यातल्या ३८.८ टक्क्यांना पुढे पीटीएसडी झाला होता. ज्या स्त्रियांनी बलात्काराचं नाव घेतलं त्यांच्यात हे प्रमाण ४५.९ टक्के होतं, आणि ज्या पुरुषांनी बलात्काराचं नाव घेतलं त्यांच्यात ६५ टक्के. म्हणजे ज्या आजाराला आपण लढाईचा आजार समजतो, तो लढाईपेक्षा बलात्कारानं जास्त होतो.

सैन्यातला बलात्कार आणखी खोल का जातो, हे समजायला बराकीतलं जगणं डोळ्यांपुढे आणावं लागतं. नागरी आयुष्यात ऑफिसातल्या माणसानं हल्ला केला, तर नोकरी सोडता येते. कठीण असतं, पण दार असतं. सैनिकाला परवानगीशिवाय निघून जाणं हा गुन्हा आहे. हल्लेखोर त्याच बराकीत, त्याच मेसमध्ये, त्याच जहाजावर असतो. बऱ्याचदा तो वरच्या हुद्द्यावर असतो आणि रजा, बढती, बदली त्याच्या सहीवर चालते. आणि सैन्याचं शिक्षण तर हेच असतं, की शेजारच्या माणसावर जिवाचा भरवसा टाकायचा. त्याच माणसानं घात केला, की नंतर कुणावरही भरवसा टाकणारी जागाच मनात उरत नाही. जेनिफर फ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी याला 'विश्वासघाताचा आघात' म्हटलं. ज्याच्यावर आपण विसंबून आहोत त्यानंच केलेली इजा वेगळ्या तऱ्हेनं चिघळते, हे त्यांनी घरातल्या लैंगिक अत्याचारांच्या अभ्यासातून मांडलं होतं. पुढे त्यांनी आणि कार्ली स्मिथ यांनी संस्थेकडून होणाऱ्या विश्वासघाताचा अभ्यास केला. घटनेनंतर संस्था कशी वागते यावरही माणूस सावरतो की खचतो हे अवलंबून असतं.

संस्था कशी वागली याचं एक उदाहरण अमेरिकी काँग्रेसच्या दप्तरात आहे. रूथ मूर १९८७ मध्ये अठराव्या वर्षी नौदलात होत्या, अझोर्स बेटांवरच्या तळावर. वरिष्ठानं त्यांच्यावर बलात्कार केला. त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यानं पुन्हा केला. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. मग नौदलानं त्यांना व्यक्तिमत्त्वाचा विकार असल्याचं निदान करून घरी पाठवलं. हा शिक्का दिसतो त्याहून वाईट होता. व्यक्तिमत्त्वाचा विकार हा मुळातच असतो, सेवेमुळे होत नाही, असं कायदा मानतो. म्हणजे सरकारवर जबाबदारी येत नाही. त्या एका शब्दानं आघातही पुसला गेला आणि भत्त्याचा हक्कही. मूर यांना तो हक्क मिळवायला २३ वर्षं झगडावं लागलं. २०१२ मध्ये त्यांनी काँग्रेसपुढे साक्ष दिली. असे शिक्के इतर अनेकांवर बसल्याचं पुढे ह्यूमन राइट्स वॉचनं २०१६ च्या अहवालात दाखवलं.

अशा परिस्थितीत लोक तक्रार करत नाहीत यात नवल नाही. रँडच्या त्याच सर्वेक्षणात, तक्रार केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारे सूड उगवला गेल्याचं सांगितलं. मग नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे घटना नाही.

पहिली खिडकी : उपचार

आता त्या चार उत्तरांच्या रकान्याकडे परत येतो. तो उपचारांच्या खिडकीवरचा आहे, आणि तिथला नियम अगदी साधा आहे. माजी सैनिकानं 'हो' म्हटलं, की सैन्यातल्या लैंगिक आघाताशी संबंधित उपचार मोफत. त्या वेळी तक्रार केली होती का, कागद आहे का, असं कुणी विचारत नाही. भत्त्याचा दावा मंजूर झालेला असण्याचीही अट नाही. त्या भेटीत दिलेला उपचार या आघाताशी संबंधित होता अशी खूण डॉक्टरनं संगणकावर केली, की बिल बनत नाही. एका माणसाच्या शब्दावर एवढी मोठी सरकारी यंत्रणा चालते. काही जणांना सैन्यानं वाईट शेरा मारून बाहेर काढलं होतं आणि त्यामुळे ते व्हीएच्या बाहेर राहिले होते. त्यांच्यातल्या अनेकांना ही मदत खुली करणारी तरतूद जानेवारी २०२१ मध्ये झाली. ती ज्या कायद्यात होती त्याच्या एका भागाला डेबोरा सॅम्पसन यांचं नाव आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात पुरुषाच्या वेशात लढलेली ही बाई.

या खिडकीमागे मिळणाऱ्या उपचारांची कूळकथाही ऐकण्यासारखी आहे. पीटीएसडी असलेल्या सैनिकाला आज व्हीएमध्ये प्रामुख्यानं दोन प्रकारची मानसोपचार पद्धत देऊ केली जाते. एक एड्ना फोआ यांनी घडवलेली. तिच्यात माणूस तो प्रसंग सुरक्षित जागी, थेरपिस्टसमोर, पुन्हा पुन्हा तपशिलानं सांगतो आणि टाळत आलेल्या गोष्टींच्या थोडं थोडं जवळ जातो, इतका की आठवण ही आठवणच राहते, धोका राहत नाही. दुसरी पॅट्रिशिया रेझिक यांची. ती साधारण बारा बैठकांची असते आणि ती आठवणीपेक्षा तिच्याभोवती साचलेल्या समजुतींवर काम करते. 'मी प्यायले नसते तर', 'मी ओरडलो का नाही', 'आता माझ्यात काही चांगलं उरलं नाही'. ही वाक्यं कागदावर उतरवायची आणि एकेक करून तपासायची.

या दोन्ही पद्धतींचे सुरुवातीचे प्रयोग बलात्कार सोसलेल्या नागरी स्त्रियांवर झाले, १९९१-९२ च्या आसपास. २००६ नंतर, इराक आणि अफगाणिस्तानातून सैनिक परतू लागल्यावर, व्हीएनं आपल्या हजारो थेरपिस्टना त्या शिकवल्या. २००७ मध्ये पॉला शनूर आणि सहकाऱ्यांनी २८४ माजी आणि सेवेतल्या स्त्री सैनिकांवर फोआ यांच्या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध केली. बहुतेकींच्या मुळाशी लैंगिक आघातच होता, आणि ती पद्धत नुसत्या आधार देणाऱ्या समुपदेशनापेक्षा सरस ठरली. फल्लुजाहून परतलेला एखादा मरीन आज बैठकीत जी वही भरतो, तिची आखणी फिलाडेल्फिया किंवा सेंट लुईसच्या कुण्या बाईच्या बोलण्यातून झालेली आहे. दोन दारांनी आलेली माणसं शेवटी एकाच खोलीत भेटली ती अशी. उपचारानं सगळेच बरे होतात असं नाही. काही मध्येच सोडून जातात. पण करण्यासारखं काहीतरी आहे, हे कळणंही अनेकांना पुरतं.

दुसरी खिडकी : भत्ता

सेवेमुळे आजार जडला आणि त्यामुळे कामाची क्षमता घटली, तर माजी सैनिकाला दरमहा अपंगत्वाचा भत्ता मिळतो. हा दावा रुग्णालयात ठरत नाही. तो त्याच व्हीएच्या वेगळ्या विभागात, कारकुनाच्या टेबलावर ठरतो, आणि तिथे पुरावा लागतो. ज्यांचा आजारच मुळी न बोलण्यातून वाढलाय, त्यांनी पुरावा कुठून आणायचा?

सैन्यातल्या हल्ल्याची नोंद बहुधा नसते हे व्हीएला मान्य करावं लागलं. २००२ च्या नियमात त्यांनी पर्यायी पुराव्यांची यादी दिली. बलात्कार मदत केंद्राचे किंवा पोलिसांचे कागद. गर्भधारणेची किंवा गुप्तरोगाची चाचणी. खोलीतल्या सोबतिणीचं, घरच्यांचं, धर्मगुरूचं निवेदन. आणि वागण्यातले बदल : अचानक बदली मागणं, कामाची प्रत खालावणं, दारू किंवा नशा, कारण नसताना येणारे भीतीचे झटके, खिन्नता, पैशांच्या व्यवहारात किंवा माणसांत मिसळण्यात न उमगणारा फरक.

ही यादी मी दोन-तीनदा वाचली. कायद्याच्या भाषेत लिहिलेलं असूनही ते एका माणसाचं मोडत जाणं आहे. चांगली शेरे असलेली सैनिक सहा महिन्यांत उशिरा यायला लागते, बदलीचा अर्ज करते, प्यायला लागते. त्या वेळी वरिष्ठांनी याची नोंद 'बेशिस्त' म्हणून केली. त्याच नोंदी वीस वर्षांनी तिच्या बाजूनं वाचायच्या, असं हा नियम सांगतो. चांगला नियम आहे. पण तो वाचणारा माणूसही तितका तयारीचा लागतो.

आणि तुलना अशी. जुलै २०१० मध्ये व्हीएनं लढाईच्या संदर्भातला नियम सैल केला. शत्रूच्या किंवा दहशतवाद्यांच्या हल्ल्याच्या भीतीतून पीटीएसडी झाला असं सैनिक म्हणत असेल, व्हीएच्या तज्ज्ञानं ते मान्य केलं आणि त्याच्या सेवेच्या जागेशी-परिस्थितीशी ते जुळत असेल, तर त्याचा शब्द पुरे. वेगळा पुरावा नको. हा बदल रास्तच होता. रणांगणावर कोण पावत्या फाडत बसतं? पण लैंगिक हल्ल्याला ही सवलत मिळाली नाही. रॉकेट पडल्याचं सांगणाऱ्यावर सरकार विश्वास ठेवतं. तोच सैनिक त्याच तळावर त्याच रात्री सहकाऱ्यानं बलात्कार केला असं म्हणाला, तर त्याला चाचण्यांचे कागद शोधावे लागतात. हा फरक मिटवू पाहणारं विधेयक रूथ मूर यांच्याच नावानं काँग्रेसमध्ये आलं. त्याचा कायदा झाला नाही.

नियमातली वाट तरी नीट वापरली गेली का? २०१८ मध्ये व्हीएच्याच महानिरीक्षकांनी तपासणी केली. २०१७ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात लैंगिक आघाताशी संबंधित पीटीएसडीचे सुमारे २,७०० दावे फेटाळले गेले होते. त्यांतले सुमारे १,३०० चुकीच्या पद्धतीनं हाताळले गेले होते. कुठे पुरावे गोळाच केले नव्हते, कुठे वैद्यकीय तपासणीची गरज असूनही ती सांगितली नव्हती. असे दावे खास प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे देण्याची पद्धत २०१६ मध्ये बंद झाली होती, हे एक कारण निघालं. खात्यानं सुधारणेचं आश्वासन दिलं. २०२१ मध्ये महानिरीक्षकांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा फेटाळलेल्या दाव्यांत चुकीच्या हाताळणीचं प्रमाण ५७ टक्के निघालं.

या दाव्यांत सगळे खरेच असतील असं नाही, आणि सार्वजनिक पैसा देताना शहानिशा करणं हे सरकारचं कामच आहे. पण अहवालात पकडलेली चूक शहानिशेची नव्हतीच. शहानिशा न करताच 'नाही' लिहिलं गेलं होतं. 'अजून विचारलेलं नाही'ची जागा 'नाही'नं घेतली होती.

मूळ प्रश्न

हे सगळं आघात होऊन गेल्यानंतरचं. आघात करणाऱ्याचं काय करायचं हे फार काळ त्याच तुकडीचा कमांडर ठरवत असे. खटला चालवायचा की नाही, हा निर्णय त्याचा. पीडित सैनिकांनी सरकारवर नागरी दावा लावायचा म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा फेरेस निकाल आडवा यायचा. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असा तो निकाल. २०१२ मध्ये 'द इन्व्हिजिबल वॉर' हा माहितीपट आला, त्यातल्या साक्षींनी बरीच खळबळ झाली आणि थोडे नियम बदलले. एप्रिल २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिकाचा खून झाला. आपल्याला लैंगिक त्रास होत असल्याचं तिनं घरच्यांना सांगितलं होतं, पण सूडाच्या भीतीनं औपचारिक तक्रार केली नव्हती. त्यानंतर उठलेल्या आंदोलनामुळे डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला, आणि डिसेंबर २०२३ पासून लैंगिक हल्ल्यासारख्या गुन्ह्यांत खटला चालवायचा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला. टेलहुकच्या व्हरांड्यापासून इथवर यायला बत्तीस वर्षं लागली.

विस्टाच्या त्या रकान्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यातलं उत्तर कायमचं नसतं. आज 'सांगायला नकार' अशी नोंद झालेला माणूस पाच वर्षांनी, एखाद्या ओळखीच्या झालेल्या नर्सला 'हो' म्हणू शकतो. तेव्हा नवी नोंद नव्या तारखेनं होते आणि त्या दिवसापासून उपचार सुरू होतात. तू आधी का नाही सांगितलंस, असा रकाना तिथे नाही.